चित्र आधी, अर्थ नंतर : टॅरो वाचायला शिकण्याविषयी

टॅरोचा कॅट विकत घेतला की खोक्यातून ७८ पाने निघतात आणि सोबत तळहातात मावेल एवढी एक पुस्तिका. नवशिका माणूस पाने बाजूला ठेवतो आणि आधी पुस्तिका उघडतो. तिच्यात प्रत्येक पानासाठी पाच-सहा शब्द दिलेले असतात. अमुक पान म्हणजे विरह, विश्वासघात, मनस्ताप; तमुक पान म्हणजे भरभराट, घर, वारसा. पान उलटे आले तर काय समजायचे, तेही पुढे दिलेले असते. मग तो पाने पिसतो, एक काढतो, पुस्तिकेत त्याचा क्रमांक शोधतो, तिथला शब्द उचलतो आणि मनातल्या प्रश्नाला जोडतो. या सगळ्या व्यवहारात पानावरच्या चित्राकडे त्याने क्षणभर तरी नीट पाहिलेले असते का, याची मला शंका आहे. मी स्वतः शिकू लागलो तेव्हा पहिले काही आठवडे पाहिले नव्हते.

गेल्या काही वर्षांत टॅरो मराठीत चांगलाच रुळला आहे. राशिभविष्याच्या शेजारी टॅरोचे साप्ताहिक भविष्य छापून येते, शनिवार-रविवारी वर्ग भरतात, फोनवर पान काढून देणारी ॲप निघाली आहेत. त्याविषयी आपल्याकडे बोलले जाते ते मात्र दोनच सुरांत : एक श्रद्धेचा, दुसरा टवाळीचा. श्रद्धावानाला पानाचा अर्थ आधीच ठाऊक असतो आणि टवाळी करणाऱ्याला अर्थ नसल्याची आधीच खात्री असते. त्यामुळे पान बघण्याची गरज दोघांनाही भासत नाही. टॅरो शिकवणारी पुस्तके ही अखेर वाचन शिकवणारी पुस्तके आहेत, तेव्हा त्यांची कसोटी साहित्याच्या अभ्यासकाने घ्यायला हरकत नसावी. ती वाचनाची कोणती सवय लावतात, ती सवय आली कोठून, आणि तिची किंमत समोर बसलेल्या पृच्छकाला कशी मोजावी लागते, हे तीन प्रश्न या लेखात घेतले आहेत.

हुकुमाची पाने

नवशिक्यांच्या पुस्तकातले पहिले प्रकरण बहुधा इतिहासाचे असते आणि बहुधा चुकीचे असते. टॅरो हे इजिप्तच्या पुरोहितांचे गुप्त ज्ञान आहे, मंदिरे उद्ध्वस्त होताना त्यांनी ते पत्त्यांत लपवले, भटक्या जमातींनी ते युरोपात नेले, अशी ती कथा. कथा सुरस आहे. कागदपत्रे वेगळेच सांगतात.

युरोपात पत्ते पोहोचले ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १३७७ मध्ये फ्लॉरेन्स शहराने पत्त्यांच्या नव्या खेळावर निर्बंध घातल्याची नोंद आहे. टॅरो त्यानंतर साठेक वर्षांनी, उत्तर इटलीत जन्मला. १४४० मधली फ्लॉरेन्सची आणि १४४२ मधली फेरारा दरबाराच्या हिशेबातली नोंद त्याच्या सर्वांत जुन्या खुणांपैकी आहेत. त्यांत शब्द येतो ‘त्रिओन्फी’, म्हणजे विजययात्रा. चार रंगांच्या नेहमीच्या ५६ पानांना २२ चित्रांची पाने जोडली गेली आणि ही चित्रे बाकी सगळ्या रंगांवर मात करू लागली. आपण ज्याला ‘हुकूम’ म्हणतो, तोच हा प्रकार. फरक इतकाच, की आपल्या खेळात चारांपैकी एक रंग हुकूम ठरतो, येथे हुकुमाचा रंग कायमचा वेगळा होता. सम्राट, पोप, प्रेमिक, मृत्यू, सूर्य या क्रमाने पाने चढत जात आणि वरचे पान खालच्याचा हात जिंकत असे. क्रमात न बसणारे एक पान होते, खुळ्याचे. ते टाकले की रंगाची उतारी पाळण्यातून त्या हातापुरती सुटका मिळे.

मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी पंधराव्या शतकाच्या मध्यास रंगवलेला सोनेरी वर्खाचा जोड आज न्यूयॉर्कचे मॉर्गन ग्रंथालय, बेर्गामोची अकादेमिया कारारा आणि एक खासगी संग्रह यांत विभागलेला आहे. त्याच्या हुकुमाच्या पानांवर आकडे नाहीत, नावेही नाहीत. खेळणाऱ्याला चित्र पाहूनच पान ओळखावे लागे. म्हणजे टॅरोच्या पहिल्या वाचकांकडे पुस्तिका नव्हती. ती लागत नव्हती, कारण विजयरथ, न्यायदेवता, दैवचक्र ही चित्रे त्यांनी मिरवणुकांत आणि चर्चच्या भिंतींवर पाहिलेली होती.

या इतिहासाची नीट छाननी केली ती मायकेल डमेट या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञाने. फ्रेगेच्या तत्त्वज्ञानावर अधिकाराने लिहिणाऱ्या या माणसाने १९८० मध्ये टॅरोच्या खेळावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे, की सुमारे तीन शतके टॅरो हा युरोपभर खेळला जाणारा पत्त्यांचा डाव होता आणि अठराव्या शतकापूर्वी त्याच्यावरून भविष्य सांगण्याची परंपरा असल्याचा पुरावा मिळत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास बोलोन्यात कोणीतरी ३५ पानांचे भविष्यातले अर्थ एका कागदावर उतरवले, ही त्या दृष्टीने हाती आलेली फार लवकरची नोंद. खेळ म्हणून टॅरो फ्रान्स आणि ऑस्ट्रियात आजही रंगतो. तिथल्या एखाद्या कॅफेत पाने वाटणाऱ्या म्हाताऱ्याला हुकुमाच्या कोणत्याही पानाची भीती वाटत नाही. ते किती वरचे पान आहे, एवढेच तो पाहतो.

इजिप्त कुठे आहे?

१७८१ मध्ये आंत्वान कूर द जेब्लँ या फ्रेंच विद्वानाने आपल्या बहुखंडी ग्रंथाच्या आठव्या खंडात जाहीर केले, की टॅरो हा थॉथ या इजिप्शियन देवतेचा ग्रंथ आहे. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्याँने ती उलगडली १८२२ मध्ये. जे वाचता येत नाही त्यात काहीही वाचता येते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण. त्याच्या पाठोपाठ ‘एतेया’ या नावाने वावरणाऱ्या जाँ-बातीस्त आलिएतने १७८५ पासून टॅरोवरून भविष्य सांगण्याची पद्धतशीर पुस्तके लिहिली आणि १७८९ च्या सुमारास खास भविष्यासाठीचा जोड काढला. पानाचा सुलटा अर्थ, उलटा अर्थ आणि त्यांचे ठरलेले शब्द ही सारी घडण मुख्यतः त्याची. त्याने शब्द पानावरच छापले. नवशिक्याच्या हातातल्या पुस्तिकेचा मूळपुरुष हाच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एलिफास लेवीने २२ पानांची सांगड हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांशी घातली आणि १८८८ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाने त्यावर ग्रह, राशी आणि पंचमहाभूतांचे आणखी थर चढवले.

या गोष्टीत एक गंमत आहे. इजिप्तचा पत्त्यांशी संबंध आहेच, फक्त कूर द जेब्लँला वाटला तो नव्हे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात १९३१ मध्ये मामलूकांच्या काळातला एक जोड सापडला. त्यात चार रंग आहेत : पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. इटालियनांना पोलो माहीत नव्हता, म्हणून त्या काठ्यांचे साधे दंडुके झाले. टॅरोचे चार रंग ते हेच. म्हणजे इजिप्तमधून खरोखर काही आले असेल, तर तो मामलूक सरदारांचा पत्त्यांचा डाव. या मामलूक पानांवरच्या अरबी मजकुरात एक शब्द आहे, ‘कंजिफा’. सावंतवाडीच्या चिताऱ्यांच्या ओळखीचा शब्द.

आपल्याकडचा गंजिफा मुघलांबरोबर रुजला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात आहे. सावंतवाडीत त्याचा दशावतारी अवतार झाला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी राजा, वजीर आणि दहा आकडी पाने, अशी १२० गोल पाने. निम्म्या रंगांत दश्शी वरची आणि निम्म्या रंगांत एक्का वरचा, हा गंजिफाचा विचित्र नियम जुन्या टॅरोतही आहे. तिथे तलवारी आणि काठ्यांत मोठा आकडा वरचढ, तर पेले आणि नाण्यांत लहान आकडा वरचढ. दोघांचे दूरचे नाते सांगणारी ही खूण आहे. एकाच कुळातल्या या दोन खेळांचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. गंजिफाच्या पानांवर साक्षात मत्स्य, कूर्म, वराह होते. देव असूनही त्या पानांवरून भविष्य सांगण्याचे मोठे शास्त्र काही उभे राहिले नाही. टॅरोच्या पानांवर देव फारसे नव्हते, त्याचे मात्र धर्मशास्त्र झाले. तेव्हा चित्रात काय आहे यावरून त्याचे गूढत्व ठरत नाही. ते चित्र परके आणि दुर्बोध होते तेव्हा गूढ वाटू लागते. अठराव्या शतकातल्या पॅरिसकराला पंधराव्या शतकातल्या इटलीची चित्रभाषा कळेनाशी झाली होती, आणि त्या न कळण्याला त्याने इजिप्त हे नाव दिले.

चित्रकर्ती आणि टीकाकार

आज नवशिक्याच्या हाती बहुधा जो जोड पडतो तो १९०९ च्या डिसेंबरात लंडनच्या रायडर कंपनीने काढलेला, किंवा त्याची एखादी नक्कल. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. दोघेही गोल्डन डॉनचे सभासद. वेट यांनी सोबत एक पुस्तकही लिहिले. १९११ ची त्याची सचित्र आवृत्ती ही बहुतेक पुस्तिकांची आजी म्हणता येईल. जोडाला नाव मिळाले प्रकाशकाचे आणि वेट यांचे. स्मिथ यांची फक्त नागमोडी सही पानांच्या कोपऱ्यात राहिली. त्या वर्षी छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे काम मोठे आणि मोबदला अगदी तुटपुंजा असल्याचे कळवले होते. १९५१ मध्ये त्या कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी कर्ज मागे ठेवून वारल्या.

नवशिक्याच्या दृष्टीने स्मिथ यांचे काम निर्णायक ठरते ते एका कारणाने. त्यांच्या आधीच्या प्रचलित टॅरोंत फक्त २२ हुकूम आणि दरबारी पानांवर माणसे असत. उरलेल्या ४० पानांवर नुसती मोजदाद : पाच पेले, आठ तलवारी. अपवाद होता १४९१ च्या सुमाराचा ‘सोला बुस्का’ नावाचा इटालियन जोड. त्याची छायाचित्रे १९०७ च्या सुमारास ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती आणि स्मिथ यांनी ती पाहिली असणार, हे तीन तलवारींनी भेदलेल्या हृदयाच्या पानावरून कळते. पण त्या नकलेवर थांबल्या नाहीत. त्यांनी चाळीसही पानांवर प्रसंग रचले. एलेन टेरी आणि हेन्री अर्व्हिंग यांच्या नाटकमंडळीबरोबर त्या फिरल्या होत्या, जमैकातल्या लोककथा जमवून त्यांनी १८९९ मध्ये पुस्तक केले होते. रंगमंच आणि गोष्ट, दोन्ही त्यांच्या हातात होते. दोन नाण्यांच्या पानात नाणी झेलणारा पोरगा सपाट जमिनीवर उभा आहे आणि त्याच्या मागे लाटा व जहाजे पडद्यावर रंगवल्यासारखी दिसतात. अशी पाने या जोडात अनेक आहेत.

वेट यांचा ओढा मुख्यतः २२ पानांच्या गूढार्थाकडे होता. आकडी पाने त्यांच्या लेखी भविष्य सांगणाऱ्यांच्या कामाची, म्हणून दुय्यम. तिथे त्यांनी जुन्या पुस्तकांतले अर्थ एकत्र करून दिले, ते चित्राशी जुळोत वा न जुळोत. पाच नाण्यांचे पान घ्या. हिमवर्षावात दोन दरिद्री माणसे चालली आहेत. एकाच्या काखेत कुबड्या, गळ्यात घंटा. पुढे एक बाई, शाल ओढलेली, पायांत काही नाही. मागे रंगीत काचेची उजळलेली खिडकी. वेट यांनी दिलेला पहिला अर्थ पैशाच्या ओढाताणीचा आहे, तो चित्राला धरून आहे. पुढे ते सांगतात, की काहींच्या मते हे प्रेमाचे, पतिपत्नीचे, जिव्हाळ्याचे पान आहे. आणि हे दोन अर्थ एकमेकांशी जुळवता येत नाहीत अशी कबुलीही देतात. एतेयापासून चालत आलेल्या शब्दांचा ढीग आणि स्मिथ यांचे चित्र यांच्यातली फट येथे उघडी पडते. वेट यांच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटते. इजिप्तची कथाही त्यांनी स्वतः फेटाळली होती. त्यांच्याच जोडाबरोबर ती कथा आजवर विकली जाते, हा भाग निराळा.

तीन शिकवण्या

नवशिक्यांच्या पुस्तकांत शिकवण्याच्या ढोबळमानाने तीन रीती दिसतात.

पहिली पाठांतराची. ७८ पाने, सुलटे-उलटे मिळून १५६ अर्थ, आणि ते घोकायचे. या रीतीचा दोष उघड आहे. तीन पानांच्या साध्या मांडणीत ७८ पाने ४,५६,४५६ प्रकारे येऊ शकतात; उलटी पाने धरली तर याच्या आठपट. इतक्या शक्यतांमधून आलेली एक मांडणी समोर असताना पाठ केलेले तीन शब्द एकापुढे एक ठेवणे म्हणजे शब्दकोशातले तीन शब्द वाचून त्याला वाक्य म्हणणे. व्याकरण पानांच्या शेजारात असते. कोण कोणाकडे पाहतो आहे, कोणाची पाठ कोणाकडे आहे, एका चित्रातले पाणी दुसऱ्यात वाहत जाते का, हे घोकलेल्या शब्दात उरत नाही.

दुसरी रीत प्रवासकथेची. खुळा हा नायक, बाकीची २१ पाने म्हणजे त्याच्या आयुष्यातले टप्पे. आज ही कल्पना फार प्राचीन वाटते. प्रत्यक्षात तिचा प्रसार १९६० नंतरचा, ईडन ग्रे या अमेरिकन लेखिकेच्या पुस्तकांपासूनचा. लक्षात ठेवायला ती सोयीची आहे हे मान्य. पण प्रत्येक पान एका उन्नतीच्या वाटेवरची पायरी झाले, की मनोरा कोसळणे हाही धडा होतो आणि मृत्यू हाही. ‘मृत्यूचे पान म्हणजे मृत्यू नव्हे, परिवर्तन’ हे वाक्य बहुतेक प्रत्येक पुस्तकात आहे. चित्रात मात्र राजा मरून पडला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, तरुणीने मान फिरवली आहे, आणि एकटे लहान मूल घोड्यावरच्या सांगाड्याकडे वर बघते आहे. चौघांच्या मृत्यूसमोर उभे राहण्याच्या चार तऱ्हा स्मिथ यांनी काढल्या. पुस्तकाने त्या चौघांना एका गोड शब्दात गुंडाळले.

तिसरी रीत अंतःप्रेरणेची : पुस्तक बाजूला ठेवा, मन काय सांगते ते ऐका. पहिल्या दोन्हींहून ही मोकळी वाटते. पण सराव नसलेल्या माणसाची अंतःप्रेरणा म्हणजे बहुतेक वेळा त्याला आधीपासून वाटत असलेले मत. कवितेच्या वर्गात ‘तुला काय वाटले?’ एवढाच प्रश्न विचारला, तर मुले कवितेविषयी न बोलता स्वतःविषयी बोलतात. तसेच येथे होते.

तिन्ही रीतींत राहून जाते ते वर्णन. कलेच्या इतिहासाचा विद्यार्थी पहिल्या दिवशी जे शिकतो, की अर्थ लावण्याआधी चित्रात काय आहे ते सांग, ते टॅरोच्या विद्यार्थ्याला बहुधा शेवटपर्यंत शिकवले जात नाही.

सहा तलवारी, आठ तलवारी

वर्णनाने काय साधते, ते दोन पानांवर पाहू.

सहा तलवारींच्या पानाला पुस्तिका देते ते शब्द : प्रवास, स्थलांतर, संकटातून सुटका. चित्रात एक नाव आहे. मागे उभा राहून नावाडी वल्हे रेटतो आहे. पुढे एक बाई डोक्यावरून वस्त्र ओढून पोक काढून बसली आहे, शेजारी मूल. तिघांचीही पाठ आपल्याकडे. नावेच्या पुढच्या भागात सहा तलवारी उभ्या आहेत. एका बाजूचे पाणी लहरींचे, दुसऱ्या बाजूचे स्थिर. समोर दूर किनारा. आता प्रश्न सुचू लागतात. बाई मागे वळून का बघत नाही? सामानसुमान काही नाही, मग तलवारीच का बरोबर घेतल्या? त्या तिचे रक्षण करतात, की जे सोडून निघाली तेच नावेतून चालले आहे? नावाडी तिचा कोण? किनाऱ्यावर कोणी न्यायला आले आहे का? ‘सुटका’ हा शब्द उच्चारला की हे सगळे प्रश्न मिटतात. चित्र सुटकेपर्यंत पोहोचलेलेच नाही. ते पाण्याच्या मधोमध थांबले आहे. लेकराला घेऊन माहेरी निघालेल्या बाईला ते दाखवले आणि गाव सोडून नोकरीसाठी निघालेल्या मुलाला दाखवले, तर दोघे वेगवेगळ्या तपशिलाशी थबकतील. तपशील मात्र तोच राहील. वाचकाचे स्वातंत्र्य आणि चित्राची शिस्त असे दोन्ही येथे नांदते.

आठ तलवारींच्या पानावर गंभीर काही पणाला लागते. एका बाईचे डोळे बांधले आहेत, अंगाभोवती दोर गुंडाळला आहे, आजूबाजूला आठ तलवारी जमिनीत रोवल्या आहेत. पायाखाली चिखल-पाणी, मागे उंचावर गढी. जुन्या पुस्तकांत अर्थ येतो वाईट बातमी, निंदा, आजार, अडकलेपण. अलीकडच्या मानसशास्त्रीय वळणाच्या पुस्तकांत तो बदलला आहे. ती सांगतात : नीट पाहा, तिचे पाय मोकळे आहेत, समोर तलवारी नाहीत, ती मनात आणेल तर चालू लागेल, बंधन तिच्या मनाचे आहे. हे वाचन चतुर आहे आणि चित्रातल्या तपशिलावर आधारलेलेही आहे. तरीही ते मला अपुरे वाटते, आणि काही वेळा क्रूर वाटते. दोर स्वतःच्या अंगाभोवती स्वतः कोणी असा गुंडाळत नाही. डोळ्यांवरची पट्टी कोणीतरी मागून बांधली आहे. बांधणारा चित्रात नाही, पण गढी आहे. नवऱ्याच्या मारहाणीविषयी दबक्या आवाजात प्रश्न विचारायला आलेल्या बाईपुढे हे पान आले आणि वाचणाऱ्याने ‘तुमचे बंधन तुमच्या मनात आहे’ असे सांगितले, तर त्याने अर्धे चित्र वाचले आणि अपराध तिच्या पदरात टाकला. पाय मोकळे आहेत हे जितके खरे, तितकेच कोणीतरी बांधले आहे हेही खरे. अपुऱ्या वाचनाची शिक्षा कवितेच्या बाबतीत फार तर परीक्षेत गुण जाण्याची असते. येथे समोर माणूस बसलेला असतो.

आक्षेप

यावर एक रास्त आक्षेप येईल. टॅरोचे असे साहित्यिक वाचन करणे म्हणजे अंधश्रद्धेला सुसंस्कृत कपडे चढवणे नव्हे काय? ज्या महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकरांना या कामासाठी प्राण गमवावे लागले, तिथे हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही.

२००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषाची चाचणी घेतली. २०० मुलांच्या पत्रिका घेतल्या. निम्मी मुले हुशार, निम्मी मतिमंद. भाग घेणाऱ्या २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कोणती मुले कोणत्या गटातली, हे ओळखायला सांगितले. उत्तरे बरोबर येण्याचे सरासरी प्रमाण ४६ टक्के निघाले. नाणे उडवूनही ५० टक्के आले असते. ज्योतिषाने तपासता येईल असा दावा केला, म्हणून तो तपासता आला. टॅरो अशा चाचणीतून निसटतो, कारण तो सहसा तपासण्याजोगे काही म्हणतच नाही. ‘तुमच्या मनात एक द्वंद्व चालू आहे’, ‘जवळच्या एका व्यक्तीशी न बोललेले काही आहे’ ही वाक्ये कोणाला लागू पडणार नाहीत? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांना त्यांच्या स्वभावाचे खास वर्णन म्हणून एकच मजकूर वाटला आणि तो किती जुळतो हे पाचांपैकी गुणांत विचारले. सरासरी आली ४.२६. १९४९ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला. टॅरोवाल्याच्या यशाचा मोठा भाग या आकड्यात आहे, हे नवशिक्याच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापायला हवे.

तेव्हा पाने पुढचे सांगतात, हा दावा मला मान्य नाही. पाने पिसल्यावर वर येते ते योगायोगाने. पण योगायोगाने आलेल्या चित्राचे वाचन अर्थशून्यच असते, असेही नाही. इटालो काल्व्हिनोच्या ‘द कॅसल ऑफ क्रॉस्ड डेस्टिनीज’ या पुस्तकात वाचा गमावलेले प्रवासी टॅरोची पाने मांडून आपापल्या कहाण्या सांगतात. पहिल्या भागासाठी त्याने तोच व्हिस्कोंती-स्फोर्झा जोड वापरला आहे. एकच पान एकाच्या कहाणीत एक आणि आडव्या ओळीतून वाचले की दुसऱ्याच्या कहाणीत वेगळे होते. तिथे पाने भविष्य सांगत नाहीत. ज्यांना बोलता येत नाही त्यांना ती बोलू देतात.

आपल्या परंपरांशी तुलना केली की फरक स्पष्ट होतो. रामशलाका प्रश्नावलीत २२५ चौकोन असतात. डोळे मिटून बोट ठेवायचे, ठरावीक अंतराने अक्षरे उचलायची. नऊ चौपायांपैकी एक तयार होते आणि कार्य सिद्ध होईल की नाही, ते तिच्याखाली लिहिलेले असते. कोकणात देवाला कौल लावतात. फूल उजवीकडून पडले की डावीकडून, यावर होकार-नकार ठरतो. दोन्हींत निकाल तयार असतो आणि तो देणारा अधिकार देवाचा असतो. गुरव मध्ये उभा असला, तरी फूल त्याने पाडले नाही हे सगळ्यांनी पाहिलेले असते. टॅरोत निकाल तयार नसतो. चित्र आणि निकाल यांच्या मध्ये एक माणूस बसलेला असतो, आणि तो जे बोलतो ते पानाच्या नावावर खपते. त्याच्या शब्दाला कौलाचे वजन येते, पण कौलाची उघड मर्यादा त्याला नसते. नवशिक्याला कोणी हे सांगत नाही, की पुस्तिकेतला शब्द उच्चारताना तो केवढा अधिकार हातात घेतो आहे.

मग शिकायचे कसे?

शिकायचेच असेल, तर पुस्तिका पहिले काही आठवडे खोक्यातच राहू द्यावी. रोज एक पान काढावे आणि त्यात जे दिसते तेवढेच वहीत लिहावे : कोण आहे, काय नेसले आहे, कुठे पाहते आहे, हातात काय आहे, आकाशाचा रंग कोणता. ‘दुःख’, ‘यश’ असे शब्द टाळावेत. दुःख दिसत नाही; वाकलेली पाठ दिसते. मग दोन पाने शेजारी ठेवून पाहावीत. त्यानंतर पुस्तिका उघडावी, आणि तिथला शब्द चित्रात कुठे सापडतो ते शोधावे. सापडला नाही, तर तो एतेयाकडून आला असेल असे समजून सोडून द्यावा.

दुसऱ्यासाठी पाने मांडण्याची वेळ आली, तर आधी त्यालाच विचारावे, ‘तुम्हाला यात काय दिसते?’ या प्रश्नाने वाचणाऱ्याचा अधिकार निम्म्याने कमी होतो आणि पृच्छकाचे बोलणे सुरू होते. आजार, कोर्टकचेरी, मारहाण असे प्रश्न आले तर पाने गोळा करून ठेवावीत आणि डॉक्टर, वकील किंवा पोलीस यांचे नाव घ्यावे. आणि मांडणीत काही लागेना, तर तसे म्हणावे. ‘मला या पानात एक बाई आणि आठ तलवारी दिसतात, त्यापुढे काही सांगता येत नाही’, हे वाक्य पैसे घेऊन बसलेल्या माणसाला अवघड जाते. शिकणाऱ्याला ते अवघड जाऊ नये. त्याच्यावर अजून कोणी विश्वास टाकलेला नाही, आणि ते वाक्य म्हणायची सवय लागण्याचा काळ तोच आहे.